वासावर मैलभरातून मासे येतात, हे खरे नाही

समुद्रात गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक सल्ला गेली काही वर्षे एकमेकांना पाठवला जातो. त्याचा आशय असा: शार्कला रक्ताचा एक थेंब मैलावरून कळतो, म्हणजे समुद्रातला मासा नाकावर चालतो, तेव्हा तलावात रोहू-कटल्यासाठी वापरतात तो स्विमफीडर, म्हणजे शिशाचे वजन लावलेला चाऱ्याचा जाळीदार डबा, घ्यावा, त्यात बाजारात मिळणारा तीव्र वासाचा अर्क, शक्यतो तेलातला, भरावा आणि कुठेही टाकावा, चारी बाजूंनी मासे गोळा होतात, मग ते कोणतेही असोत, आणि ताज्या आमिषावाचून काही अडत नाही. फीडर आणि वास या दोन्हींचा समुद्रात उपयोग होतो, याबद्दल माझा वाद नाही. मात्र तो कोणत्या पाण्यात, कोणत्या वेळी आणि कोणत्या माशासाठी होतो, हे सगळे या सल्ल्यातून गळून पडले आहे, आणि उरलेले बहुतेक चुकीचे आहे.

सुरुवात शार्कपासून करू, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. ऑलिंपिक मापाच्या तरणतलावात सुमारे २५ लाख लिटर पाणी असते. रक्ताचा एक थेंब त्यात पूर्ण मिसळला, तर त्याचे प्रमाण पाच हजार कोटींत एक एवढे होते. माशांचे घ्राणेंद्रिय प्रामुख्याने ज्यांना प्रतिसाद देते ती ॲमिनो आम्ले प्रयोगशाळेत साधारणपणे लिटरमागे एक नॅनोमोल ते एक मायक्रोमोल (मोल या रासायनिक एककाचा अब्जावा ते दहा लाखावा भाग) या पातळीला ओळखली जातात. तरणतलावातला तो थेंब या पातळीच्या कितीतरी खाली जातो. मेरेडिथ आणि कजिउरा या संशोधकांनी २०१० मध्ये शार्क आणि पाकट वर्गातील पाच जातींची घ्राणशक्ती मोजली, तेव्हा ती हाडांचा सांगाडा असलेल्या साध्या माशांच्याच तोडीची निघाली. शार्कचे नाक उत्तम आहे, यात शंका नाही, पण ते अद्भुत नाही आणि मैलाचा हिशेब तर त्यातून मुळीच निघत नाही.

‘चारी बाजूंनी मासे येतात’ हे विधान मात्र सविस्तर पाहायला हवे, कारण गरवणाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान तेच करते. हवेत उदबत्ती लावल्यासारखा वास पाण्यात आपोआप पसरतो, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात स्थिर पाण्यात ॲमिनो आम्लासारखा लहान रेणू केवळ विसरणाने, म्हणजे आपोआप पांगण्याने, तासाभरात दोन-तीन मिलिमीटरच सरकतो. वासाला नेतो तो प्रवाह, आणि प्रवाह त्याला एकाच दिशेने नेतो. जेटीच्या पायरीशी, गुडघाभर नितळ पाण्यात, बारीक चेचलेली तारली आणि पावाचा चुरा दाबून भरलेला फीडर सोडून पाहिला की हे डोळ्यांना दिसते: आधी एक गढूळ ढग उठतो, त्यात खवले चमकतात, मग त्या ढगाला शेपूट फुटते आणि ती शेपूट वेडीवाकडी, तुटक होत पाण्याच्या ओढीकडे निघून जाते. ओढीच्या वरच्या अंगाला, अगदी दोन हातांवर, काहीही पोहोचत नाही. भरतीचे पाणी उत्तरेकडे ओढत असेल, तर डब्याच्या दक्षिणेला असलेल्या माशाच्या लेखी तो डबा अस्तित्वातच नसतो.

ही शेपूट किती लांबवर उपयोगी राहते, याचा ढोबळ हिशेब कागदावर करता येतो. समजा, अर्क चांगलाच तीव्र आहे, म्हणजे त्यात लिटरमागे ७५ ग्रॅम (एक मोल) ग्लायसिन हे ॲमिनो आम्ल आहे, आणि त्यातले ५ मिलिलिटर दहा मिनिटांत पाझरते. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर आणि वासाचा पट्टा एक मीटर रुंद, अर्धा मीटर उंच धरला, तर त्या दहा मिनिटांत दीड लाख लिटर पाणी डब्यावरून जाते आणि अर्क तीन कोटींत एक इतका पातळ होतो. हे प्रमाण माशाच्या आवाक्यात आहे. पण पुढे पट्टा दहा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच झाला, की तो आणखी शंभरपट पातळ होतो आणि ओळखण्याच्या किमान पातळीच्याही खाली उतरतो. शिवाय किनाऱ्याच्या पाण्यात नैसर्गिक ॲमिनो आम्ले आधीच विरघळलेली असतात, त्यामुळे माशाला तुमचा वास त्या गर्दीतून वेगळा काढावा लागतो. प्रत्यक्षातला वास असा सरासरीने पसरत नाही, त्याचे तुटक पुंजके बनतात आणि एखादा दाट पुंजका लांबही जातो. तरीही आपण बोलतो आहोत ते दहा-वीस-तीस मीटरांबद्दल, फार तर त्याहून थोड्या जास्त अंतराबद्दल. मासा असा पुंजका नाकाला लागला की प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून पुढे सरकतो. गार्डिनर आणि अटेमा यांनी २०१० मध्येच एका लहान शार्कवर दाखवून दिले, की ज्या नाकपुडीला वास आधी लागतो त्या बाजूला तो वळतो. म्हणजे मार्ग शोधण्यासाठी त्याला हलते पाणी हवे. भरती संपून पाणी थबकते त्या अर्ध्या तासात फीडरवर अर्काची बाटली रिकामी करणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे, आणि हे शब्दशः.

‘अर्क जितका तीव्र आणि जितका तेलकट, तितका चांगला’ या म्हणण्यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. बाटलीचे झाकण उघडल्यावर जो भपकारा येतो, तो आपल्या नाकासाठी असतो. हवेत उडून जाणारे पदार्थ आपल्याला तीव्र वाटतात, माशाच्या नाकाला मात्र पाण्यात विरघळणारे पदार्थ लागतात. ग्लायसिनला आपल्या लेखी वासच नाही. दुसरी चूक तेलाची. तेल पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलके असते. तारलीच्या तेलात भिजवलेला फीडर तळाशी गेला, तरी त्यातले तेल थेंबाथेंबाने वर येते. पृष्ठभागावर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो आणि तो वाऱ्याबरोबर भलतीकडे निघून जातो. तळाशी बसलेल्या शिंगाळ्याला किंवा वामीला त्याचा उपयोग काय?

तेलाचा गौरव आला कुठून, हे समजण्यासारखे आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील लू हे बंदर निळ्या शार्कच्या गळमासेमारीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे १९५३ साली शार्क अँगलिंग क्लबची स्थापना झाली. तिथल्या नौका चेचलेला बांगडा, कोंडा आणि माशाचे तेल यांचा लगदा जाळीच्या पिशवीत घालून नौकेच्या कडेला पाण्यात लटकवतात. नौका वाऱ्याबरोबर वाहत राहते, तवंगाचा लांबच लांब पट्टा मागे उरतो, आणि पाण्याच्या वरच्या थरात हिंडणारा निळा शार्क तो कापतो तेव्हा त्याच्या मागाने येतो. नौका तासन् तास वाहते, पिशवीत किलोने माल असतो आणि मासा वरच्या थरातला असतो, म्हणून तिथे तेल कामाला येते. खडपावर उभे राहून तळाला टाकलेल्या मूठभर डब्याला यातले काहीच लागू पडत नाही. गंजरोधक फवारा म्हणून विकला जाणारा डब्ल्यूडी-४० आमिषावर मारण्याचे अमेरिकी खूळही याच जातीचे. त्यात माशाचे तेल असते ही समजूत तो बनवणाऱ्या कंपनीनेच नाकारली आहे.

आता डब्याकडे. तलावातला फीडर समुद्रात ‘जसाच्या तसा’ चालतो, असे म्हणणाऱ्याने तो उधाणाच्या दिवशी टाकून पाहिलेला नसावा. गोड्या पाण्यात २० ते ६० ग्रॅम वजनाचा फीडर पुरतो. ब्रिटनच्या किनाऱ्यावर मात्र तळ पकडण्यासाठी तारांचे पाय असलेले १५० ग्रॅमच्या आसपासचे शिसे वापरावे लागते, आणि तेही निमुळते. जाळीचा पोकळ डबा पाण्याला कितीतरी जास्त अडतो, म्हणून तेवढ्याच वजनाला तो आधी गडगडू लागतो. गडगडणारा फीडर वासाची एक रेघ धरून ठेवण्याऐवजी ती तळभर पुसत जातो आणि शेवटी कातळाच्या फटीत अडकून, दोरी तोडून, तिथेच राहतो. मुंबईजवळ उधाणाच्या भरती-सुकतीतला फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्याकडे तो साधारण निम्मा असतो. त्यामुळे वर्सोव्याचा अनुभव मालवणला किंवा मालवणचा वर्सोव्याला बिनदिक्कत सांगण्यात अर्थ नाही. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढ-उताराची, भरती, खाडीचे तोंड सोडून आतली जेटी, मध्यम ओढ आणि दर खेपेला त्याच जागी पडणारी फेक: एवढे जुळले तर फीडर खरोखर काम करतो, कारण प्रत्येक फेकीबरोबर त्याच रेघेत नवा माल पडत जातो.

समुद्रातल्या फीडरचे ब्रिटनमधले एक चांगले उदाहरण बंदरातल्या बोय माशाचे आहे, आणि तिथे बाटलीतल्या अर्काची गरजही पडत नाही. तिथला जाड ओठांचा बोय बंदरात टाकलेल्या उष्ट्या पावाला सरावलेला असतो. आधी भिजवलेला पाव टाकून थवा जागेवर आणायचा आणि मग पाव भरलेल्या फीडरने तो धरून ठेवायचा, ही तिथली रीत आहे. आपल्या खाडीतला बोय चिखलावरचे शेवाळ आणि कुजका कण खातो. ज्या जेटीवर त्याला पावाची ओळखच नाही, तिथे तो पहिल्या दिवशी पावाला येत नाही. येथे सवय आधी आणि वास नंतर येतो.

ताज्या आमिषाची गरज उरत नाही, हे म्हणणे मला सर्वांत जास्त खटकते. कोळंबी, माकूल, शिंपले, समुद्री किडे यांच्या पेशींना खाऱ्या पाण्याशी समतोल राखण्यासाठी ग्लायसिन, प्रोलिन, बीटेन असे पदार्थ भरपूर साठवावे लागतात. ताज्या कोळंबीची गोडी बरीचशी ग्लायसिनची असते. माशाचे नाक आणि जीभ नेमक्या याच पदार्थांवर घडली आहे. म्हणजे अर्कवाले ज्याची नक्कल करतात, तो मूळ माल मासळी बाजारात मिळतो. फक्त तो बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात ठेवू नये, कारण गोडे पाणी हेच पदार्थ धुऊन नेते. कोळंबी आणि माकूल कापडात गुंडाळून बर्फाच्या वर, पाण्याबाहेर ठेवावे. वासाने जवळ आलेला मासा आमिष तोंडात घेऊन चव पाहतो आणि न आवडल्यास थुंकतो. अर्क लावलेला शिळा, फिका तुकडा याच परीक्षेत नापास होतो. खारवलेल्या किंवा गोठवलेल्या आमिषावर पाण्यात विरघळणारा अर्क थोडी भर घालतो, एवढे मान्य करायला हरकत नाही.

राहिला ‘कोणताही मासा’. शिंगाळा, वाम, पाकट हे वास आणि चवीवर शोध घेणारे मासे आहेत, आणि शिंगाळ्याच्या तर मिशांवर व अंगावरही चव ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यासाठी फीडर लावण्यात अर्थ आहे. सुरमई वेगाने पाठलाग करून डोळ्यांनी शिकार करते. जिताडा हलत्या भक्ष्याच्या लाटा अंगावर ओळखून झडप घालतो. त्यांच्यासाठी जिवंत आमिष किंवा चमचा, म्हणजे चमकणारे धातूचे नकली आमिष, वापरायचे सोडून डबा भरत बसणे व्यर्थ आहे. शिवाय वास कोणाला बोलवायचे ते निवडत नाही: बहुतेक वेळा डब्यापाशी आधी पोहोचतात ते खेकडे आणि केंड, आणि केंड तर गरीच्या वरची दोरी दाताने कातरून नेतो. लागोपाठ दोन-तीन वेळा गरी कोरी किंवा दोरी कातरलेली वर आली, तर वासात काही कमी आहे असे समजून आणखी अर्क ओतू नये. फीडर काढून ठेवावा, माकुलाची जाड पट्टी लावावी आणि जागा पन्नास पावले बदलावी.