एका बटणापाशी सव्वा तास

“अडीच वर्षांच्या लेकराला काय कळायलंय तिथं? उगं तिचे हाल अन् तुमचेबी.” शुक्रवारी सकाळी दशम्या फडक्यात बांधता बांधता आमच्या आत्याबाई म्हणाल्या. राग नव्हता, काळजी होती. डिसेंबरची थंडी, जालन्याहून सकाळची एसटी आणि छत्रपती संभाजीनगरच्या एका विज्ञान केंद्रात अख्खा दिवस. तेव्हा मी काही बोलले नाही. आज सविस्तर लिहिते, कारण आल्यापासून हाच प्रश्न आणखी पाच-सहा जणांनी विचारला आणि त्यातल्या दोघी शिक्षिका आहेत.

लेकीला घरात सगळे माऊ म्हणतात. तिच्या बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल पंप. जळालेली कॉइल काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश करून वाळवायचं. विज्ञान केंद्र बघायची हौस मूळची त्यांची. लहानपणी शाळेच्या सहलीत त्यांनी असं एक दालन धावत धावत पाहिलं होतं आणि ते त्यांच्या मनात राहून गेलं होतं.

दहाच्या सुमारास आत शिरलो. पहिल्याच दालनात हवेचा झोत वर सोडणारं नळकांडं आणि त्यावर तरंगणारा प्लास्टिकचा चेंडू. माऊ तिथे उभी राहिली ती हलेचना. बाबांनी उचलून धरायचं, तिने चेंडू बोटाने बाजूला सारायचा, तो डुलत डुलत परत मधे यायचा. जास्त जोरात ढकलला की खाली पडायचा. मग तिथले मामा उचलून द्यायचे. “पुन्ना.” मामांनी न कंटाळता कितीदा तो चेंडू उचलून दिला, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

शेजारच्या पाटीवर बर्नोलीच्या तत्त्वाची व्याख्या होती. ती वाचून मला काही उलगडलं नाही. चेंडूकडे बघत बघत ह्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. झोताची हवा चेंडूच्या गोलाईला धरून वळते. चेंडू डावीकडे सरकला की त्याच्या उजव्या अंगाने जाणारी हवा त्याच्यावरून वळून डावीकडे फेकली जाते, आणि हवेला डावीकडे लोटताना चेंडू स्वतः उजवीकडे, म्हणजे पुन्हा झोतात लोटला जातो. माऊला यातलं काही नको होतं. तिचा एकच प्रश्न होता आणि तो ती बोटाने विचारत होती: प्रत्येक वेळी परत येतो का? डावीकडून ढकलला तरी? हळू ढकलला तरी? याला मी खेळ म्हणत होते. दुपारपर्यंत माझं मत बदललं.

आम्ही तिथे उभे असतानाच एका शाळेची सहल आली. पन्नास-साठ मुलं, पुढच्याच्या खांद्यावर हात, शिट्टी, “हात लावायचा नाही, पुढं चला.” मी सरांना दोष देत नाही. एका दिवसात वेरूळ, मकबरा आणि हे केंद्र उरकायचं, अंधारायच्या आत मुलं गावी पोहोचवायची, एवढी जबाबदारी माझ्यावर असती तर मीही शिट्टीच वाजवली असती. पण रांगेतल्या एका दहाएक वर्षांच्या पोराने जाता जाता झोतात हात घातला आणि त्याचा चेहरा असा उजळला, की त्याला तिथे अजून पाच मिनिटं मिळायला हवी होती असं राहून राहून वाटतं.

जाँ पियाजे हे स्विस मानसशास्त्रज्ञ आपल्याच तीन मुलांकडे तासन्‌तास बघत बसायचे आणि टिपणं काढायचे. त्यांचा मुलगा लॉरां जेमतेम दहा महिन्यांचा असताना हातातल्या वस्तू खाली सोडायचा. एकदा हात असा धरून, एकदा तसा. वस्तू कुठे पडते ते बघायचा आणि परत सोडायचा. वडिलांनी त्याला खोडकर म्हटलं नाही, ते बारकाईने लिहून ठेवलं. आपल्याकडे घराघरातून वाटी, चमचा, रिमोट असाच खाली येतो आणि आपण म्हणतो, “किती वेळा उचलू आता?” तेच लेकरू विज्ञान केंद्रात नेलं की आपण पाटी वाचून दाखवायला लागतो. विज्ञान त्याच्या वाटीत होतं, ते आपण उचलून ओट्यावर ठेवलेलं असतं.

आता त्या बटणाविषयी. दुसऱ्या दालनात हाताने फिरवायचा जनरेटर होता. हँडल, काचेतून दिसणारी कॉइल, वर तीन दिवे आणि प्रत्येक दिव्याला एक बटण. ह्यांनी हँडल धरलं तेव्हा ते अगदी हलकं फिरत होतं. मी पहिलं बटण दाबलं. दिवा लागला आणि हँडल जड झालं. दुसरं, आणखी जड. तिसऱ्याला ह्यांना खांदा लावावा लागला. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून वीज काढून दाखवली, हे आम्ही सगळेच दहावीला पाठ करतो. पण दिवा लावला की फिरवणाऱ्याच्या हातावर त्याचा भार येतो, वीज फुकट येत नाही, हे मला पस्तिसाव्या वर्षी ह्यांच्या दंडाकडे बघून समजलं. रोज जळालेल्या मोटारी उघडणाऱ्या माणसाला ते आधीपासून माहीत होतं. ते म्हणाले, “शेतकऱ्याला मी हेच सांगतो. पंपावर लोड आला की मोटार करंट ओढणार. आधी लोड बघा, मग मला नावं ठेवा.”

माऊला मी मांडीवर घेऊन बटणांच्या उंचीला बसले. तिने एक बटण दाबलं. बाबांचा हात अडखळला. तिने बोट काढलं. हात सुटला. तिने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि परत दाबलं. दिव्याकडे ती बघतच नव्हती, बाबांच्या हाताकडे बघत होती. आपण इथे बोट दाबायचं आणि तिकडे एवढा मोठा बाबा थांबतो. मग तिने तीनही बटणं एकदम दाबायचा प्रयत्न केला, तिचा तळवा पुरेना, तर माझा हात ओढून त्यावर ठेवला. सव्वा तास. मधे दुसरी माणसं आली की आम्ही बाजूला व्हायचो, ती गेली की परत.

“ताई, वरचा मजला राहिलाय अजून,” तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्याने दोनदा सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं. पण मी ठामपणे म्हणते, अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात तर वरचा मजला सोडून द्या. तिकिटाचे पैसे मजल्यांवर वसूल होत नाहीत. त्याला एक वस्तू मिळाली, ती त्याच्या हाताने बदलली आणि त्याचं पोट भरेपर्यंत कुणी हलवलं नाही, तर तो दिवस सार्थकी लागला. चाळीस वस्तू कडेवरून दाखवल्या तर लेकरू चिडचिडं होणारच. तिथे येऊन रडणारी जेवढी लहान मुलं मी पाहिली, ती सगळी पुढे ओढली जाताना रडत होती.

दुपारी हिरवळीवर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. लगेच तिचे डोळे मिटायला लागले. जिन्याखालच्या कोपऱ्यात साफसफाईच्या मावशींनी आपली चटई दिली, तिथे ती तासभर झोपली. कपडे बदलायला जागा नव्हती, बाकावरच उरकलं. पाजायला कोपरा शोधणारी एक बाळंतीण शेवटी पार्किंगमध्ये जाऊन बसली. आणि उंचीचं तर विचारूच नका. माऊची उंची ८८ सेंटिमीटर. ज्यांना हात लावायचा अशा वस्तू मी मोजल्या, त्यातल्या पाच तिला जमिनीवर उभं राहून गाठता येत होत्या. बाकी सगळं कडेवर, बारा किलो. एक लाकडी पायरी, एवढंच लागतं. सुतार अर्ध्या दिवसात करून देईल. ती कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण विज्ञान पाचवीपासून सुरू होतं असं आपण धरून चाललो आहोत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथल्या आदिवासी मुलांना परवडणार नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, गारगोट्या, पानं, बिया, जे परिसरात होतं त्यातून साधनं केली. अमेरिकेत फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाला राजकीय कारणांनी विद्यापीठाची दारं बंद झाली, तेव्हा तो कोलोरॅडोत गुरं पाळत होता. पुढे तिथल्याच गावच्या शाळेत शिकवायला लागला आणि मुलांना भंगारात नेऊन मोडक्या गाड्यांच्या भागांवर यंत्रशास्त्र दाखवायचा. त्यानेच १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम उभं केलं, जिथे वस्तूंना हात लावणं हीच रीत. त्या वस्तू कशा बनवल्या, तेही त्यांनी छापून जगाला देऊन टाकलं. हे वाचताना मला आमच्या दुकानामागचा भंगाराचा ढीग दिसत होता.

मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र आणि नागपूरचं रामन विज्ञान केंद्र मोठी आहेत, जरूर बघावीत. पण परतूरच्या किंवा गेवराईच्या आईने अडीच वर्षांचं लेकरू घेऊन तिथे कधी जायचं? त्या वयाच्या मुलाला मोठी इमारत लागतही नाही. त्याला एकच वस्तू लागते आणि तीच वस्तू उद्या परत हवी असते. म्हणून ती जवळ हवी, अंगणवाडीत हवी.

संध्याकाळी निघताना ह्यांना पाणचक्की बघायची होती. डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी वरून पाडायचं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवायचं. शेकडो वर्षांपूर्वी त्याच पिठावर तिथे येणाऱ्या फकिरांची आणि वाटसरूंची पोटं भरायची. बघण्यासारखंच आहे ते. पण माऊ खांद्यावर गाढ झोपली होती. मी म्हटलं, “अहो, पुढच्या वेळी फक्त तेवढंच बघायला येऊ.” आणि आम्ही सिडकोच्या स्टँडवर आलो.

शनिवारपासून दुकानात रात्री अंगणवाडीसाठी तसंच हाताने फिरवायचं दिव्याचं यंत्र करायचं काम चालू आहे. आधी सायकलचा डायनामो लावून पाहिला, पण तो तीन वॉटचा, हाताला जडपणा पुरेसा कळत नाही. एलईडी लावली तर काहीच कळत नाही, ती वीज फारच कमी खाते. आता एका गाडीच्या रेडिएटर पंख्याची जुनी मोटार घेतली आहे. सायकलच्या मागच्या चाकाच्या टायरवर तिचा रोलर घासतो, पॅडल हाताने फिरवायचं, आणि दिवा म्हणून गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. त्याला मात्र दंड भरून येतो. चेन आणि आरे पत्र्याने पूर्ण बंद केलेत, बोट जाईल अशी एकही फट मी ठेवू दिलेली नाही. पॅडल मोठ्या माणसासाठी, बटण लेकरासाठी. म्हणजे आई, आजी किंवा सेविकाताई कुणीतरी समोर बसून फिरवल्याशिवाय ते चालणारच नाही.

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी पुढच्या आठवड्यात आणा म्हणून सांगितलंय. आत्याबाईंनी काल रात्री एकदा पॅडल फिरवून पाहिलं आणि माऊने बटण दाबलं तेव्हा “अगं बाई” म्हणून थांबल्या. मग परत फिरवलं. जालन्यात कुणाकडे सायकलचं जुनं मागचं चाक पडून असेल तर दुकानात आणून द्या, दुसरं यंत्र त्यातून करू. बटण जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर बसवायचं, त्याची खूण मी फळीवर करून ठेवली आहे.