दहा सेकंदांत कापलेलं लग्न

लग्नाचे व्हिडिओ कापून डीव्हीडीवर उतरवण्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. राग बाजूला ठेवला तर तक्रारी दोन. मी सांगितलेला ८००० चा बिटरेट (व्हिडिओच्या दर सेकंदाला किती किलोबिट डेटा) ठेवून रात्रभर कन्व्हर्ट केलेलं दोन तासांचं लग्न डीव्हीडीवर मावलंच नाही. आणि जी फाइल दहा सेकंदांत नुसती कापून होते, ती मी पुन्हा एनकोड करायला (सगळं चित्र नव्याने दाबून साठवायला) लावून वेळ आणि क्वालिटी दोन्ही घालवतो.

पहिल्यात चूक माझीच. तो आकडा मी तासाभराच्या मुंजीसाठी वापरला होता आणि लेखात सरसकट लिहून मोकळा झालो. साध्या डिस्कची जागा ४.७ जीबी, म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. दोन तासांचे सेकंद ७,२००. भागाकार येतो सेकंदाला ५.२ मेगाबिट. त्यातून आवाजाचे ०.२ आणि मेनूसाठी थोडी जागा काढली की चित्राला उरतात जेमतेम ४,८०० किलोबिट. ८००० ने डिस्क सव्वा तासातच भरते. लेख दुरुस्त केलाय. तुमची रात्र फुकट गेली, त्याबद्दल मनापासून सॉरी.

दुसरा मुद्दा मात्र अर्धाच मान्य. एमपी४ मध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. त्यामुळे एनकोड न करता कापलं की सुरुवात तुम्ही म्हणाल तिथून होत नाही, आधीच्या पूर्ण चित्रापासून होते. मामेबहिणीच्या लग्नात मला अंतरपाट दूर होतो तो क्षण हवा होता. मिळालं काय, तर सात सेकंद आधीपासूनचं सगळं: भटजी माइक ठोकून बघताहेत आणि एक काका अक्षतांचं ताट घेऊन थेट कॅमेऱ्यासमोरून चाललेत. (घरच्यांना तेच जास्त आवडलं, तो भाग वेगळा.)

आणि कापलेली एमपी४ तशीच राइट केलीत तर ती झाली डेटा डिस्क, म्हणजे नुसती फाइल साठवलेली. लॅपटॉपवर चालेल, आजीच्या जुन्या प्लेअरवर चालेलच असं नाही. त्याला डीव्हीडीचा एमपेग-२ हा व्हिडिओ प्रकार लागतो, पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) असेल तर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि आवाज ४८ किलोहर्ट्‌झ. म्हणजे एकदा कन्व्हर्ट करणं चुकत नाही. मग नेमकं कापण्याचं काम त्याच फेरीत उरकावं, जास्तीचं नुकसान शून्य. हल्ली मी तुमच्याच पद्धतीने लॉसलेसकटमध्ये (एनकोड न करता कापणारं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे दहा-दहा सेकंद जास्त ठेवून ढोबळ तुकडा काढतो आणि कन्व्हर्ट करताना कडा नीट करतो. तीन तासांच्या फाइलमधल्या वीस मिनिटांसाठी पूर्ण तीन तास एनकोड करायला मी सांगितलं होतं, तो खरंच गाढवपणा होता.

एका बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर. मूळ माल जुन्या डीव्हीडीवरची व्हीओबी फाइल असेल तर ती आधीच एमपेग-२ असते, पुन्हा एनकोड अजिबात करू नका. तिथे पाल डिस्कवर जास्तीत जास्त १५ फ्रेमनंतर पूर्ण चित्र येतंच, म्हणजे काप सरकला तरी अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या आत.

तुमची फाइल कॅसेटवरून उतरवलेली की फोनवर शूट केलेली, तेवढं कळवा. फोनची असेल तर फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) मध्येच कमीजास्त होतो आणि तासाभराने मंगलाष्टकं ओठांच्या मागे पडायला लागतात. त्यासाठी आधी फ्रेम रेट एकसारखा करून घ्यावा लागेल.