‘शाळेत तो विषयच नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दहावीचा निकाल लागला की दोन गोष्टी हमखास येतात, पेढे आणि तो मेसेज. यंदा आधी शिक्षकांच्या ग्रुपवर आला, मग पालकांच्या, मग माझ्या माहेरच्या. खाली हात जोडलेले आणि ‘पटल्यास पुढे पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: शाळेत आत्महत्येचा विषय काढू नका, मुलांच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरतं. मरणाची भाषा करणारा मरत नाही. आमच्या वेळी छड्या खाल्ल्या, नापास झालो, कुणी जीव दिला नाही, ही पिढीच नाजूक. निकालाचं टेन्शन काढा, प्रश्न मिटला. समुपदेशक वगैरे शहरी थेरं आहेत.

मी वर्गशिक्षिका आहे. मला हे पटलं नाही, म्हणून पुढे न पाठवता उत्तर लिहिते आहे.

पहिल्या मुद्द्याला जास्त वेळ देते, कारण तो काळजीपोटी मांडला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. मीही बरीच वर्षं तसंच मानत होते. पण ही गोष्ट तपासून झालेली आहे. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांत २,३४२ मुलांना प्रश्नावली दिली. काहींच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न होते, काहींच्या नव्हते. दोन दिवसांनी पुन्हा सगळ्यांना विचारलं. ज्यांना आधी विचारलं होतं त्यांच्यात ना अस्वस्थता वाढलेली दिसली, ना तसले विचार. उलट जी मुलं आधीच नैराश्यात होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांचा ताण जरा हलकाच झालेला दिसला. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. वीस वर्षं झाली, आपल्या स्टाफरूममध्ये अजून पोचलेलं नाही.

आता माझ्या वर्गातलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. नववीतला मुलगा, मार्कांनी बरा. एका मंगळवारी मधल्या सुट्टीत तो आपल्या वस्तू वाटत होता. कंपासपेटी एकाला, चांगलं पेन दुसऱ्याला, वर्षभर कुणाला हात लावू न दिलेली बॅट तिसऱ्याला. पोरं खूश. मला मात्र ते बघून कसंसंच झालं. सुट्टी संपल्यावर त्याला ग्रंथालयात नेलं. नेहमीसारखं ‘काय झालं, बरं नाही का?’ एवढंच विचारून सोडून देणार होते. मग धीर करून विचारलं, “जगूच नये असं वाटतं का रे तुला कधी?” तो टेबलाच्या कडेचा निघालेला सनमायका नखाने उचकटत बसला होता. वर न बघता म्हणाला, “रोज नाही, बाई.”

त्या दोन शब्दांवर मी अजून अडकलेली आहे. माझ्या प्रश्नाने त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. जे होतं त्याचा हिशेब त्याच्याकडे आधीच तयार होता, मागणारं कुणी नव्हतं. “कुणाला सांगू नका” म्हणाला. तसं वचन मी दिलं नाही. आपल्यापैकी बरेच जण प्रेमाने देऊन बसतात आणि मग अडकतात. कुणाला सांगायचं ते तू ठरव, म्हटलं. त्याने मामाचं नाव घेतलं. मामा येईपर्यंत त्याला एकटं सोडलं नाही, रात्री मामा त्याच्याजवळच राहिला आणि दुसऱ्या दिवशी दोघं जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेले. पुढे बरेच महिने जात राहिले.

मेसेजच्या या मुद्द्यात खरं एवढंच आहे की गाजावाजा घातक असतो. गेलेल्या मुलाचा फोटो, त्याची चिठ्ठी, कसं केलं याचं वर्णन हे फिरवलं की आधीच काठावर असलेल्या मुलांवर त्याचा परिणाम होतो, हे सिद्ध झालेलं आहे. गंमत म्हणजे विषय काढू नका म्हणणाऱ्या ग्रुपवरच असले फोटो मी पाहिलेत.

‘मरणाची भाषा करणारा मरत नाही’ हे साफ खोटं आहे. जीव देणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी कुणाला तरी तसं बोलून दाखवलेलं असतं. ‘मी नसलो तर बरं होईल’ हे वाक्य मुलाने चेष्टेत म्हटलं तरी थांबून विचारायचं. नाटक निघालं तर आपली दहा मिनिटं गेली.

आमच्या वेळी कुणी जीव दिला नाही? जुन्या वर्तमानपत्रांत ‘पोटदुखीला कंटाळून’ हे शब्द किती वेळा वाचलेत ते आठवून बघा. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, त्यामुळे वाचलेल्याच्या घरचे ‘चुकून झालं’ असंच सांगायचे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला आणि अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून तिला शिक्षा करायची नाही, असं ठरलं. राहिली छडी. ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केली आहे आणि त्यात मानसिक छळही आला. तिने आपण घडलो की तिच्यातूनही टिकलो, हे छडी खाणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

निकालाच्या टेन्शनचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०२२ मध्ये देशातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि त्यात १,७६४ असा सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. दहावीची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैमध्येच होऊ लागली, वर्ष वाया जाणं टळलं, हे चांगलंच झालं. पण २०२१ ची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी बघा. १८ वर्षांखालच्या १०,७३२ आत्महत्यांपैकी परीक्षेतलं अपयश हे कारण ८६४ ठिकाणी नोंदलं गेलं. घरगुती प्रश्न ३,२३३, प्रेमप्रकरणं १,४९५, आजारपण १,४०८. पोलीस एकच कारण लिहितात आणि माणूस कधीच एका कारणाने जात नाही, हे मान्य. तरी जून महिना सरला की निर्धास्त व्हावं असं या आकड्यांत काही नाही. बॅट वाटणाऱ्या मुलाचा निकालही चांगलाच होता.

समुपदेशक हे थेर नाही, आता बंधन आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. मार्कांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं टाळा, असंही त्यात आहे. तुकडी ‘अ’ आणि तुकडी ‘ड’ मध्ये काय फरक असतो हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

आता आपल्यालाही टोचणारी गोष्ट. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळा आणि ११,११० मुलं घेऊन एक मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ती छापली. एका गटात फक्त शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या गटात चार आठवड्यांत मिळून पाचेक तास मुलांशीच या विषयावर काम केलं, प्रसंग वठवून घेतले, बोलतं केलं. वर्षभराने त्या गटात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण ०.७० टक्के होतं, काहीच विशेष न केलेल्या गटात १.५१. म्हणजे शिक्षकांच्या कार्यशाळेचे फोटो अपलोड करून भागत नाही. ‘विषय काढू नका’ म्हणतात तो विषय मुलांसमोरच काढावा लागतो.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आमच्याकडे तो कार्यालयातल्या फळ्यावर काचेआड लावलेला होता, जिथे मुलं फक्त बोलणी खायला जातात. दिवाळीनंतर आम्ही तो स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूने लावला, खाली नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या, फाडून नेता येतील अशा. पहिल्या आठवड्यात तीन गेल्या. कुणी नेल्या ते मी शोधलेलं नाही. नव्या लावल्या.