एका छपराखालचे बारा महिने

कॅनडात स्थायिक झालेल्या किंवा होऊ घातलेल्या व्यक्तीशी तुमचे जुळले असेल, लग्न दोघांनाही तूर्त नको असेल आणि तरीही त्या देशात कायमचे एकत्र राहायचे असेल, तर एकमेकांचा स्वभाव पारखण्यात वेळ दवडू नये. आधी बाजारात जाऊन एक जाड फाइल आणावी. त्या देशाच्या स्थलांतर नियमांनुसार दांपत्यासारख्या नात्यात किमान एक वर्ष सलग एकत्र राहिलेली दोन माणसे ‘कॉमन-लॉ पार्टनर’ ठरतात आणि त्यांना विवाहित जोडप्याप्रमाणेच प्रायोजकत्वाचा, म्हणजे एकाने दुसऱ्याला कायमच्या वास्तव्यासाठी बोलावण्याचा, अर्ज करता येतो. नियम उदार आहे. हे वर्ष जगाच्या पाठीवर कोठेही काढलेले चालते. मात्र ते कोणत्या तारखेला सुरू झाले, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. ‘आधी त्याचा टूथब्रश आला, मग इस्त्रीचे शर्ट आले आणि गणपतीनंतर तो परत गेलाच नाही’ हे उत्तर मित्रमंडळींना पुरते. अर्जात मात्र वर्ष, महिना आणि दिवस यांचे चौकोन असतात. तेव्हा टूथब्रश घरात येईल त्याच दिवशी पंचनामा करून घ्यावा.

हे वर्ष पुण्यात किंवा ठाण्यात काढण्याचा बेत असेल, तर पहिली अडचण भाडेकराराचीच येते. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार परंपरेने अकरा महिन्यांचा करतात. तो कितीही काळाचा असला तरी महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, पण अकरावर थांबण्याची सवय काही सुटलेली नाही, आणि कॅनडाला तर बारा हवेत. उरलेला एक महिना तुमचे प्रेम होते की तुम्ही केवळ सामान हलवायला थांबला होता, हे दुसऱ्या कराराने दाखवावे. त्याहून नाजूक प्रश्न करारावर नावे कोणाची घालायची, हा आहे. घरमालक ‘फॅमिली आहे ना?’ असे विचारतात तेव्हा त्यांना एकच उत्तर अपेक्षित असते. तुम्ही नवराबायको असल्याचे सांगितलेत, तर फ्लॅट मिळतो आणि पुढे अर्जात ‘अविवाहित’ लिहिताना स्वतःच्याच कराराचे खंडन करावे लागते. मावसभाऊ-मावसबहीण असल्याचे सांगितलेत, तर त्या नात्यावर कॅनडाचा अधिकारी काय म्हणेल याची कल्पना करून पाहावी. करार एकाच्याच नावाने केलात, तर दुसरा माणूस त्या घरात होता हे फक्त वॉचमनला आणि समोरच्या काकूंना ठाऊक राहते.

खरे सांगायचे तर या काकूंइतका भक्कम पुरावा दोन्ही देशांत मिळून सापडणार नाही. तुम्ही रात्री किती वाजता परतता, दोरीवर कोणाचे कपडे वाळतात, दूध एक लिटर येते की दीड, रविवारी भांडण कशावरून झाले, हे सारे त्यांना तारखेनिशी पाठ असते. त्यांनी प्रतिज्ञापत्र केले, तर अधिकाऱ्याला पुढचे एक पानही उलटावे लागणार नाही. परंतु असे काही घडायलाच नको होते, असे काकूंचे ठाम मत असल्यामुळे जे घडले त्यावर त्या सही करीत नाहीत. सोसायटीच्या बैठकीत मात्र हीच माहिती त्या विनामूल्य देतात. त्या बैठकीचे इतिवृत्त मिळवता आले, तर पाहावे.

आता समजा, वर्ष भरल्यावर दोघांपैकी एक जण शिकायला टोरांटोला निघाला. या वेळी एजंटाचा प्रेमळ सल्ला असा असतो की, फॉर्मवर ‘सिंगल’ लिहा, उगाच गुंतागुंत नको. हा सल्ला अवश्य मानावा, म्हणजे खरी गुंतागुंत काय असते ते पुढे नीट समजते. दोन-तीन वर्षांनी तुम्ही ‘आम्ही तेव्हापासूनच एकत्र आहोत’ असा अर्ज कराल, तेव्हा जुना फॉर्म त्याच खात्याच्या संगणकात असेल. त्यातही कायमच्या वास्तव्याचा परवाना हाती पडेपर्यंत जोडीदाराचे नाव लपवले, तर कौटुंबिक वर्गातून त्याला नंतर बोलावता येत नाही, असे कॅनडाच्या स्थलांतर नियमांतला नियम ११७ सांगतो. २०१९ मध्ये काही प्रकरणांसाठी सवलत सुरू झाली, पण सवलतीच्या भरवशावर संसार मांडणे हा धाडसाचा भाग झाला. खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर पाच वर्षे अर्जच करता येत नाही. एजंटाने फी आगाऊ घेतलेली असते.

टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये तळघरात संसार मांडणाऱ्यांचे दुःख वेगळे असते. तेथे काही घरमालक भाडे रोख घेतात आणि पावतीचे नाव काढताच त्यांना एकाएकी पंजाबी, गुजराती, इंग्रजी यांपैकी एकही भाषा येईनाशी होते. भाडेकरूने मागितल्यास पावती विनामूल्य द्यावी, असे तिथल्या ऑन्टारिओ प्रांताचा कायदा सांगतो. तो कायदा घरमालकाला जरूर वाचून दाखवावा. पुढच्या महिन्यात निदान पत्ता बदलल्याचा पुरावा तरी नक्की मिळेल. वीज, इंटरनेट आणि मोबाइलची बिले दोघांत वाटून घ्यावीत. बँकेत संयुक्त खाते उघडावे आणि ते हालते ठेवावे. वर्षभर शंभर डॉलर झोपवून ठेवलेले खाते कोणालाही पटत नाही.

करखात्याची गंमत निराळीच आहे. बारा महिने एकत्र राहिलात की कराच्या दृष्टीनेही तुम्ही जोडपे ठरता, आणि हा बदल पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत खात्याला कळवायचा असतो. परंतु कमी उत्पन्नाच्या लोकांना तेथे मिळणारा जीएसटीचा परतावा कुटुंबाच्या एकत्रित उत्पन्नावर ठरत असल्यामुळे पुष्कळ जोडपी करखात्यासमोर एकटी आणि स्थलांतर खात्यासमोर अविभाज्य असतात. दोन्ही खाती एकाच सरकारची आहेत, ही बाब त्यांच्या लक्षात उशिरा येते. ज्यांना याहून बारीक हिशेब आवडतो, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की विवाहाविना एकत्र राहणाऱ्यांना पोटगीचा प्रश्न ऑन्टारिओत सामान्यतः तीन वर्षांनी आणि ब्रिटिश कोलंबियात दोन वर्षांनी लागू होतो. नाते तेच असले, तरी कोण विचारतो आहे यावर त्याचे वय ठरते.

आपण कॉमन-लॉ जोडपे आहोत असे सांगणारे आयएमएम ५४०९ क्रमांकाचे प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे करायचे असते आणि संयुक्त भाडेकरार, संयुक्त खाते, विम्यातले वारसाचे नाव असल्या गोष्टींची चौकशी ते करते. पंचविशीतल्या ज्या जोडप्याकडे एक गादी, एक कुकर आणि शैक्षणिक कर्ज एवढीच मालमत्ता आहे, त्याने प्रेम सिद्ध करण्यासाठी आधी आयुर्विमा काढावा. मरणोत्तर रक्कम कोणाला मिळावी हे ज्याला सांगता येते, तो जिवंतपणी कोणासोबत राहतो यावर विश्वास ठेवणे सोपे जाते. छायाचित्रे जास्तीत जास्त वीस आणि संदेशांची पाने दहा, अशी मर्यादा असते. संदेश निवडताना लाडिक बोलणे गाळावे; ते कोणीही लिहू शकतो. ‘गॅस बुक केलास का’, ‘घरमालकाचा फोन आला होता’, ‘परत ओला टॉवेल पलंगावर’ हे संदेश निवडावेत. मराठी मजकुराचे इंग्रजी वा फ्रेंच भाषांतर जोडावे लागते आणि ते नातेवाइकाने केलेले चालत नाही, म्हणून ओल्या टॉवेलवरचे भांडण एखाद्या परक्या गृहस्थाकडून पैसे मोजून भाषांतरित करून घ्यावे.

आता घरच्यांच्या पत्राकडे वळावे, कारण तुमची खरी परीक्षा तेथे आहे. घरच्यांना आणि मित्रांना या नात्याची माहिती आहे का, हा प्रश्न अर्जात येतोच. नाशिकला आई-बाबांना तुम्ही मैत्रिणीबरोबर राहत असल्याचे सांगितले आहे. व्हिडिओ कॉल येताच त्याच्या चपला कॅमेऱ्याबाहेर सरकवल्या आहेत, दिवाळीचे फोटो त्याला कापून पाठवले आहेत, आणि हे सारे इतक्या चोख रीतीने केले आहे की तुमच्याविरुद्ध आता कोणताच पुरावा शिल्लक नाही. दुर्दैवाने तुमच्या बाजूनेही नाही. अशा वेळी फोन करून सत्य सांगावे आणि जो काही स्फोट होईल तो लेखी मागून घ्यावा. संमतीच्या गोड पत्रापेक्षा रागाचे पत्र अधिक अस्सल वाटते. ‘आमच्या तोंडाला काळे फासून तू त्या मुलाबरोबर दोन वर्षे राहिलीस’ या एका वाक्यात एकत्र राहणे, त्याचा कालावधी आणि समाजाची दृष्टी असे तिन्ही मुद्दे येऊन जातात. खाली तारीख आणि सही तेवढी घ्यावी.

दोघे पुरुष किंवा दोघी स्त्रिया असाल, तर तुम्हाला घर सहज मिळाले असेल आणि काकूंनी ‘किती सालस मुली आहेत’ म्हणून तिळगूळही दिला असेल. सगळ्यांनी तुम्हाला रूममेट मानले, म्हणूनच तुम्ही सुखाने राहिलात. आणि सगळ्यांनी रूममेट मानले, म्हणूनच आता फाइल रिकामी आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, तेव्हा मायदेशी विवाहाचे प्रमाणपत्र मिळण्याचा मार्ग तूर्त नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९९ मध्ये ‘एम विरुद्ध एच’ या खटल्यात असे म्हटले होते की, दांपत्यासारखे नाते ओळखण्यासाठी निवारा, लैंगिक व वैयक्तिक वर्तन, घरकाम, समाजातला वावर, आर्थिक आधार, मुले आणि लोकांची दृष्टी यांचा विचार व्हावा, पण प्रत्येक जोडप्यात ही सगळी लक्षणे सारख्या प्रमाणात असलीच पाहिजेत असे नाही. निकाल अत्यंत समंजस आहे. त्याची छापील प्रत फाइलमध्ये घालून वर दोघांच्या नावाचे विजेचे बिल ठेवावे. अधिकारी आधी बिल वाचतो.

या साऱ्याचा कंटाळा आला, तर सरळ लग्न करावे, असे कोणी सुचवेल. त्याने बारा महिन्यांची अट सुटते, नात्याच्या खरेपणाची तपासणी सुटत नाही. तीन साक्षीदार आणि पेढ्यांचा एक पुडा यांवर उरकलेले नोंदणी विवाह, हळद नाही, अक्षता नाहीत, मामा नाही, म्हणून पुन्हा संशयाचे धनी होऊ शकतात.

अर्ज मंजूर झाल्यावरही फाइल माळ्यावर टाकू नये. जोडीदाराचा खर्च तीन वर्षे उचलण्याची हमी प्रायोजकाने दिलेली असते आणि नाते तुटले तरी ती तुटत नाही. आलेल्या जोडीदारालाही कायमचे वास्तव्य मिळाल्यापासून पाच वर्षे दुसऱ्या जोडीदाराला प्रायोजित करता येत नाही. तरीही वेगळे व्हायचेच ठरले, तर केवळ दार आपटून निघून जाण्याला करखात्यात किंमत नाही. नाते मोडल्यामुळे नव्वद दिवस दूर राहिल्याखेरीज तेथे तुम्ही ‘विभक्त’ ठरत नाही, म्हणून निघताना दार हळू लावावे, तारीख लिहून ठेवावी आणि नव्या घरमालकाकडून पहिल्याच दिवसापासून पावती घ्यावी.