बंदीपेक्षा आकडा बरा

पावसाळा लागला की महाराष्ट्रातून येणाऱ्या बातम्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी धबधब्याखालच्या गर्दीचे व्हिडिओ, मग कुणीतरी वाहून गेल्याची बातमी, मग जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण प्रवाहात वाहून गेले आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर निर्बंध आले. त्यावर नेहमीचा वाद पेटतो. एक बाजू म्हणते, गड आमच्या राजाचे, तिथे जायला परवानगी कसली? दुसरी म्हणते, सगळं बंदच करा. आणि आमच्यासारखे इथे अमेरिकेत बसलेले काही जण तिसरी फोडणी देतात: इकडे बघा, काय शिस्त आहे!

ही तिसरी बाजू मला सगळ्यात जास्त खटकते. मी कॅलिफोर्नियात राहतो, उन्हाळ्यात पाठीवर तंबू टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरांत जातो. ती शिस्त कुणाच्या रक्तातून आलेली नाही, हे तिथे चटकन कळतं.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचंच घ्या. रानात रात्रीचा मुक्काम करायचा तर वर्षातल्या कुठल्याही दिवशी परमिट लागतं. या परमिटचा कोटा मुक्कामाच्या जागेवर नसतो, पायवाट जिथून सुरू होते त्या ठिकाणावर असतो. अमुक वाटेने अमुक दिवशी इतकीच माणसं आत शिरणार, एवढंच ठरलेलं. आत गेल्यावर तंबू कुठे ठोकायचा ते बहुतेक ठिकाणी तुम्ही ठरवा. फक्त योसेमिटीची मुख्य दरी आणि मोठ्या वस्त्यांपासून चार मैल पुढे जायचं, पाण्यापासून शंभर फूट दूर राहायचं, 9,600 फुटांच्या वर शेकोटी पेटवायची नाही. पायवाटेवर एका गटात पंधराहून जास्त माणसं चालत नाहीत. कोट्यातला 60 टक्के भाग 24 आठवडे आधी लॉटरीने वाटला जातो, उरलेला सात दिवस आधी सकाळी सात वाजता खुला होतो. त्या सात वाजण्याची धास्ती तत्काळ तिकीट काढणाऱ्याला वेगळी सांगायला नको.

म्हणजे आखणी उलटी होते. आधी डोंगर निवडून मग रजा टाकायची सोय नाही. चार-पाच वाटा आणि तितक्याच तारखा कागदावर मांडायच्या, ज्या वाटेचा नंबर लागेल तिच्याप्रमाणे नकाशा, पाण्याच्या जागा, रोजची चाल जुळवायची. परमिट हातात घ्यायला स्वतः खिडकीवर जावं लागतं. तिथे रेंजर विचारतो: अस्वलाला उघडता येणार नाही असा डबा आहे का? टूथपेस्टसुद्धा त्यातच जायची, कारण वास येतो. विष्ठा किती खोल पुरणार? सहा इंच. ही उजळणी झाल्याशिवाय कागद मिळत नाही. शिस्त तयार होते ती या खिडकीवर.

जिथे खिडकी नाही तिथे काय होतं? त्याच उद्यानाच्या दरीत उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा हलत नाहीत. गाड्यांसाठीचं आरक्षण 2020 मध्ये आणलं, 2023 मध्ये काढलं, 2024 मध्ये परत आणलं. हाफ डोम या प्रचंड खडकावर केबलला धरून चढणाऱ्यांची गर्दी जीवघेणी होऊ लागल्यावर 2010 पासून तिथेही परमिट आलं. आता दिवसाला साधारण 300 माणसं. माणसं तीच, देश तोच. अमेरिकन पर्यटकही मोकळा सोडला की लोणावळ्यासारखाच वागतो.

मात्र हे सगळं उचलून सह्याद्रीत आणा, असं मी म्हणणार नाही. लॉटरीच्या अर्जाचे 10 डॉलर नंबर लागला नाही तरी जातात. सहा महिने आधी रजा पक्की करू शकणारा कोण असतो? हॉटेलात शिफ्ट करणारा नक्कीच नाही. शिवाय योसेमिटीची ती देखणी निर्मनुष्यता आपोआप आलेली नाही. 1851 मध्ये मारिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने तिथल्या ‘अहवाह्नीची’ या मूळ रहिवासी जमातीला दरीतून हुसकावलं, आणि दरीतली त्यांची शेवटची वस्ती उद्यान प्रशासनाने 1969 मध्ये पाडली. रान रिकामं केलं गेलं आणि त्या रिकामेपणाला परमिट लागलं.

आपल्या गडांच्या पायथ्याला गावं आहेत, वर पिठलं-भाकरी देणारी घरं आहेत. मनाई आदेशाचा पहिला फटका त्यांनाच बसतो. मुंबईचा ट्रेकर पुढच्या रविवारी दुसरा डोंगर शोधतो. म्हणून मला कोट्याची ती एकच गोष्ट हवी आहे: आकडा वाटेवर लावायचा, आणि तो हंगामाच्या आधी जाहीर करायचा. अपघातानंतरच्या आदेशात कारण असतं, हिशेब नसतो. आधी सांगितलेल्या आकड्यावर वाद घालता येतो, तो पुढच्या वर्षी बदलता येतो.

आणि आपल्याकडे वाटा म्हणजे गावंच. हरिश्चंद्रगडाला पाचनईतून किती, खिरेश्वरातून किती, नळीच्या वाटेने किती, हे त्या त्या गावाने वनखात्याबरोबर बसून ठरवावं, शुल्क गावाने घ्यावं, खिडकीही गावातल्याच पोरांनी चालवावी. हे स्वप्नरंजन नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आहे, आधी बुकिंग करता येतं, आणि व्यवस्था पाहण्यात आसपासच्या गावांच्या समित्या आहेत. कमी-जास्त तक्रारी असतात, पण "फुलं आमची, परवानगी कसली" असं कुणी फारसं म्हणत नाही.

गडांच्या बाबतीत म्हणतील, हे मान्य. जुलै 2025 मध्ये रायगड, राजगड, साल्हेरसह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून भावना आणखी तीव्र आहेत. त्या भावनेशी माझं भांडण नाही. भांडण पन्नास-पन्नास जणांच्या बॅचा घेऊन रात्री बस सोडणाऱ्या आयोजकांशी आहे. वाटेवर आकडा लागला तर पहिली ओरड त्यांची असेल, कारण दिवसाला मोजकीच माणसं म्हटल्यावर त्यांचं गणित बसत नाही. ती ओरड "शिवप्रेमींवर अन्याय" या नावाने होईल. पाचनईच्या खिडकीवर बसलेल्या पोराच्या पाठीशी तेव्हा वनखातं उभं राहणार का, यावर सगळं अडणार आहे.