यंत्र काढल्यावर बोलायचं कसं?

'इम्प्लांट केल्यावर बहिऱ्या मुलाला साइन (हातांच्या खुणांची भाषा) शिकवू नका, ते बोलायचा कंटाळा करतं' हा लेखातला सल्ला वाचून राहवलं नाही. आम्हालाही एका क्लिनिकमध्ये हेच ऐकवलं होतं. पुतण्याला कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवलेला भाग आणि बाहेर लावायचं यंत्र, आणि उपयोगही होतो, बेल वाजली की तोच आधी दाराकडे पळतो. पण झोपताना बाहेरचं यंत्र काढावंच लागतं. मुंबईची दमट हवा, त्यामुळे रात्री त्याची रवानगी ड्राय बॉक्समध्ये. लोकलच्या गर्दीत धक्का लागला की यंत्राची कॉइल डोक्याला चिकटवून ठेवणारा मॅग्नेट सुटतो आणि ती खांद्यावर लोंबकळते. अशा वेळी वहिनी हातांनीच बोलते आणि पोरगं पटापट उत्तरं देतं. एरवी तोंडानेही बडबड चालूच असते!

डॉक्टरांचं सगळंच चूक नाही. जन्मतः बहिऱ्या मुलाला इम्प्लांट लवकर बसवावं लागतं. ते मोठं होऊन स्वतः ठरवेल म्हणून थांबलं तर वेळ निघून जाते. निर्णय आईबापच घेणार. पण ते बहुतेक ऐकणारेच असतात. त्यांना सर्जन भेटतो, ऑडिओलॉजिस्ट भेटतो, बहिरं मोठं माणूस मात्र कुणी भेटवत नाही. मला खटकतं ते हे.

बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्या १८८० च्या मिलान परिषदेत १६४ प्रतिनिधींत बहिरा जेमतेम एक होता, आणि तिथे शाळांतून साइन हद्दपार करायचं ठरलं. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला याच परिषदेचं २०१० चं व्हँकुव्हरचं अधिवेशन उजाडलं. आपल्या वांद्र्याच्या, बहिऱ्यांसाठी काम करणाऱ्या अली यावर जंग संस्थेत साइनचे दुभाषे तयार होतात. त्यांचा पत्ता क्लिनिकवाले आईबापांना का देत नाहीत?