मार फॉरमॅट!

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत अपडेट बंद झाले आणि बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंतचे जुने कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून दुकानांकडे निघाले. तुमचाही निघेलच. निघण्याआधी चार युक्तीच्या गोष्टी ऐकून ठेवा.

सगळं डेस्कटॉपवर ठेवा. डोळ्यांसमोरची वस्तू हरवत नाही. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच राहतो आणि नवं विंडोज घालताना पुसला जातो तो बहुधा सीच, असल्या बारक्या चौकशा करू नका. डी ड्राइव्ह रिकामा पडलाय? पडू दे. पाहुण्यांसाठी एक खोली मोकळी असावी.

बॅकअप? आपण सीमाभागातली माणसं! १९५६पासूनचा कागद न् कागद ट्रंकेत, वर तीन झेरॉक्स: एक कपाटात, एक कोल्हापूरच्या मेव्हण्याकडे, एक पुण्याच्या लेकीकडे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, असा ३-२-१चा नियम पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने मांडला. आपल्या आजोबांनी तो ट्रंकेवर बसून आधीच पाळला होता. घराण्याने एवढं पुण्य केल्यावर तुम्ही आणखी कशाला दमता?

दुकानातला पोरगा विचारेलच, ‘‘सर, आतलं काय पायजे काय?’’ ठसक्यात सांगा, ‘‘काय नको रे, सगळं जुनंच आहे. मार फॉरमॅट!’’ जुनं म्हणजे लेकीचं बारसं, बाबांचा शेवटचा गणपती, असलंच काहीबाही.

फारच जीव कासावीस झाला तर पेनड्राइव्ह लावा आणि डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, म्हणजे फाइली नव्हे, त्यांचे नुसते पत्ते, त्यात ओढा. अख्खं घर काही केबीत मावतं! दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघू नका, विश्वास नावाची काही चीज असते. डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मात्र जपून ठेवा, त्याच कॉम्प्युटरमध्ये, नोटपॅडवर. ट्रंकेची किल्ली ट्रंकेत टाकून कुलूप लावल्यावर चोर काय करणार?

चुकून फाइली गेल्याच, तर लगेच त्याच डिस्कवर दोन-चार सिनेमे उतरवा. पुसलेल्या फाइलींचा माल जुन्या हार्ड डिस्कवर काही काळ तसाच पडून असतो, वर नवं काही लिहिलं की संपतो. एसएसडी या नव्या जातीच्या डिस्कवर तर तेवढेही कष्ट नाहीत, पुसलेलं बहुधा ती आपणच साफ करते.

आणि समजा एवढं करूनही एखादी फाइल वाचलीच. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं ते निवेदन. पण फॉन्ट होता जुन्या विंडोजच्या फोल्डरमध्ये, तो गेला. आता फाइल उघडलीत तर ना मराठी, ना कन्नड, नुसती टिंबं लावलेली रोमन अक्षरं. मागणी काय होती म्हणता? सरकारी परिपत्रकं आम्हाला वाचता येतील अशा भाषेत द्या.